धुळ्याच्या मिस्तरी काकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्तरी काका,

सप्रेम नमस्कार.

मोटरसायकल रेसरचं करिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेग येतो. पण राष्ट्रीय अजिंक्यपद गुणांवर ठरतं आणि वर्षाला फेऱ्या असतात मोजक्याच. एका रेसमध्ये गाडी बंद पडली की ते गुण गेले ते गेले. टीम निवडणारे लोकही एखादा वेगवान लॅप बघून थांबत नाहीत, पोरगं किती रेस पुऱ्या करतं ते बघतात. खान्देशातून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नि कोइमतूरच्या कारी स्पीडवेला जाणाऱ्या रायडरांच्या गाड्या शेवटच्या लॅपपर्यंत चालतात, त्यामागे तुमचा हात आहे. निकालाच्या कागदावर तुमचं नाव नसतं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी तारेबद्दल. ड्रेन बोल्ट, ऑइल फिलरचं झाकण आणि ऑइल फिल्टरचे बोल्ट यांना लॉक वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) नसेल तर रेसच्या तपासणीत गाडी अडते. तपासणीपुरती तार कोणीही गुंडाळतो. तुम्ही तारेसाठी भोक पाडताना बोल्टच्या डोक्यावर आधी सेंटर पंच मारता, मग दीड मिलिमीटरचं बिट कमी वेगावर, तेल सोडत चालवता. घाई केली की बिट आतच मोडतं आणि बोल्ट वाया जातो. तार स्टेनलेसची, ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीची, इंचाला सात-आठ पीळ. जास्त पिळली तर ती मुळाशी कमजोर होऊन थरथरीने तुटते. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेलाच हवी, कारण उलट बांधलेली तार बोल्टला धरूनच ठेवत नाही. ड्रेन बोल्टखालचा वॉशर तुम्ही दर वेळी नवा टाकता. तेल गळालं तर काळ्या झेंड्यावरचा नारिंगी गोल दिसतो आणि रायडरला लगेच ट्रॅक सोडावा लागतो. त्याआधी तेल रस्त्यावर सांडलं असेल तर मागून येणारे घसरतात. दोन रुपयांच्या तारेवर दुसऱ्याच्या पोराचा जीव असतो, हे तुम्ही आमच्या डोक्यात बसवलंत.

रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं डिस्टिल्ड पाणी, तेही याच कारणासाठी. कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं तर लवकर वाळत नाही. घरी परतल्यावर पुन्हा कूलंट भरायला लावता, नाहीतर आतून गंज धरतो.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं तुमचं ज्ञान मात्र आम्हाला दुसरीकडे कुठेच मिळालं नसतं. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंच, त्यात मे महिन्यातलं ४३-४४ अंशांचं ऊन. हवा विरळ. त्या हवेत बसवलेला मेन जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) चेन्नईच्या सपाटीवर, ढगाळ सकाळी लहान पडतो. हवा दाट होते, ऑक्सिजन वाढतो, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतं, कधी त्याला भोकच पडतं. (तिथल्या दमटपणाने ऑक्सिजन थोडा कमी होतो खरा, पण तापमानाचा फरक त्याहून भारी पडतो.) म्हणून जेट बरोबर आहे का ते बघायला सरावात नवा स्पार्क प्लग लावायचा, सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि तिथेच क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करायचं. गाडी इंजिन बंद ठेवूनच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत आणायची, कारण आयडलिंगवर आणली तर प्लगचा रंग बदलतो आणि खोटं सांगतो. बिस्किटासारखा रंग आला तर ठीक. पांढराफटक आला तर जेट एक नंबर मोठा, काजळी आली तर एक नंबर लहान. प्रत्येकाच्या डब्यात वरचे दोन आणि खालचे दोन जेट तुम्ही स्वतः ठेवता.

चेनची ढील दोन्ही फूटरेस्टवर वजन टाकून, सगळ्यात घट्ट जागी मोजायची. ब्रेक ऑइल प्रत्येक फेरीआधी नवं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा पिऊन बसलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते, मग तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळतं आणि ब्रेक न लागता लिव्हर हँडलला टेकतो. चेनचा पुढचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) १४ दातांचा १५ केला की मागचे ४२ दातांचे ३९ केल्याइतका फरक पडतो, त्यामुळे पिटमध्ये आधी पुढचाच बदलायचा.

वन मेक स्पर्धेत कंपनी सगळ्यांना सारख्या गाड्या देते, तिथे पाना आपल्या हातात नसतो. तिथेही तुमचं शिकवणं कामी येतं. "गाडी बराबर नाही" असं रायडरने म्हणायचं नाही. कोणतं वळण, ब्रेक धरताना, मध्यावर की थ्रॉटल उघडताना, पुढचं चाक की मागचं, एवढं सांगितलं की समोरच्या मेकॅनिकला काम सुचतं. पुढे आशियाई स्पर्धेपर्यंत जायचं स्वप्न असलेल्या पोराला हे बोलणं वेगाइतकंच लागतं.

"बठ्ठं खोलीसन देखा" (सगळं उघडून बघा) हे तुमचं वाक्य पार्सललाही लागू पडतं. जळगावहून नवजीवन एक्सप्रेसला गाडी टाकण्याआधी टाकी रिकामी, कार्ब्युरेटरचा बाउलही रिकामा, बॅटरीची वायर सोडलेली, लिव्हर काढून वेगळे बांधलेले, वर गोणपाट. चेन्नईला उतरल्यावर पुन्हा प्रत्येक बोल्टवर पाना फिरवायचा, कारण दोन बोल्टांवरच्या, आवळल्यावर ओढलेल्या पेंटच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झालं असं तुम्ही कधी मानलं नाहीत.

तुमच्या बिलात वॉशर, जेट आणि तार यांचे पैसे असतात. रात्री उशिरापर्यंतच्या कामाची मजुरी त्यात कधीच नसते. पुढच्या फेरीपासून ती लिहा काका. तुम्ही लिहिली नाहीत तर आकडा आम्ही टाकू आणि तो तुम्हाला घ्यावा लागेल.

तुमचीच,
खान्देशातली रेसची पोरं