यादी नको, एकच संकल्प

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची नव्या वर्षाच्या संकल्पांची यादीही. पहाटे उठणं, अर्धा तास ध्यान, रोज थोडं आध्यात्मिक वाचन, आठवड्यातून एक दिवस मौन, राग सोडणं, सगळ्यांना क्षमा करणं... शेवटचं वाचून हसलो. रागावू नकोस, नाहीतर पाचवा संकल्प आत्ताच मोडायचा! कशी वाटते ते मोकळेपणाने कळव, असं तूच लिहिलंयस, म्हणून लिहितो.

यातलं एकही वाईट नाही. पण यादी वाचून तुला कोण व्हायचंय ते कळतं. तू रोज कुठे अडखळतोस ते कळत नाही. अर्धा तास ध्यान झालं की नाही हे घड्याळ सांगेल. त्याने तुझ्यात काही फरक पडला का, हे मात्र तुझ्याबरोबर राहणाऱ्यांनाच विचारायला हवं. मग सुरुवातच तिथून कर ना. घरच्यांना विचार, माझ्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो? आणि ते बोलत असताना खुलासे करत बसू नकोस. दिवसभराचं मौन त्यापेक्षा सोपं असतं.

मागे तू सहज बोलून गेला होतास: ऑफिसातून आल्या आल्या लेक काहीतरी सांगायला धावते आणि तू बुटाची नाडी सोडता सोडता, मान वर न करता 'नंतर सांग' म्हणतोस. मला विचारशील तर तुझं वर्षभराचं काम तिथे आहे, त्या नाडीपाशी. 'घरच्यांना वेळ देईन' असलं गुळगुळीत काही ठरवू नकोस. 'ती बोलायला लागली की हातातलं सोडून तिच्याकडे बघीन', एवढंच ठरव. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली नेमकं हेच मांडलं होतं: नुसतं ध्येय ठेवण्यापेक्षा 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही, प्रसंगच आठवण करून देतो.

रागाचंही तेच. राग सोडणार म्हणजे नेमकं काय करणार? तो यायचा तेव्हा येणारच. आलाय हे आपल्याला किती लवकर कळतं, खरा प्रश्न तो. कुणाचे कान तापतात, कुणाचे दात आवळले जातात. मला तो मोबाइलवर कळतो, उत्तर टाइप करताना बोटं भराभर चालायला लागतात. मग मी फोन उलटा ठेवतो आणि पाणी पिऊन येतो. परत आल्यावर त्यातली निम्मी वाक्यं माझी मीच खोडतो.

क्षमेबद्दल थोडक्यात सांगतो. 'सगळ्यांना' म्हटलं की कुणालाच नाही. एक माणूस डोळ्यांसमोर आण. आणि क्षमा केली म्हणजे त्याच्याशी पुन्हा पहिल्यासारखे संबंध ठेवलेच पाहिजेत असं नाही. मनातला रोजचा खटला थांबला तरी पुष्कळ झालं.

'एकवीस दिवस नेटाने केलं की अंगवळणी पडतं' हे तुझं वाक्य मात्र खोडून टाक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर बारा आठवडे अभ्यास केला होता. खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या साध्या सवयी होत्या, तरी त्या अंगी मुरायला सरासरी 66 दिवस लागतील असं दिसलं. कुणाला 18, तर कुणाला थेट 254 लागतील, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आढळलं. तुझ्यासारख्याने हे लक्षात ठेवावं, कारण एक खाडा पडला की तू सगळंच सोडून देतोस. अर्थात सवय तुला फक्त आसनापर्यंत नेईल. तिथे बसून तू खरंच आत बघतोस की मनात उद्याच्या मीटिंगची तयारी करतोस, ते सवयीच्या हातात नाही.

योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास, म्हणजे साधना, पक्की होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने. पहिल्या दोन आपण ऊर बडवून सांगतो, तिसरी सोयीस्कर विसरतो. दात ओठ खाऊन केलेल्या साधनेत आदर कुठला? मला या बाबतीत रोमचा तत्त्वज्ञ सेनेका आवडतो. रात्री दिवा गेला, बायकोही गप्प झाली की तो दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासायचा, स्वतःपासून काही लपवायचा नाही आणि वर स्वतःलाच सांगायचा, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, पण रात्रीचा हिशेब असाच असावा. नाहीतर आपण एक तर तपासतच नाही, किंवा तपासायला बसलो की स्वतःला फोडून काढतो.

तर यादी सोड, एकच संकल्प ठेव. वाचन तू तसंही करतोसच, त्याला संकल्पाचं लेबल कशाला? पहाटेचं उठणं तुला झेपणार नाही, हे वहिनीही सांगतील. त्यांना आधी विचार, मग काय ठरलं ते एका ओळीत कळव. दुसरी ओळ आली तर उत्तर देणार नाही. मार्चअखेरीस मी फोन करीन, पण तुला नाही, तुझ्या लेकीला. प्रगती तिच्याकडूनच ऐकायची आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला खूप खूप प्रेम.

तुझाच,
जुना मित्र