औषधखरेदी प्राधिकरणाला मुदतींचे बंधन हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ‘ही गोळी संपली आहे, बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळाले की राग निघतो तो खिडकीमागच्या माणसावर. तुटवडा मात्र त्याच्या आठ-दहा महिने आधी, फायलीत कुठेतरी सुरू झालेला असतो. राज्याने गेल्या काही वर्षांत औषधखरेदीची रचना दोनदा बदलली. जुलै २०१७ मध्ये शासन निर्णय काढून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांची खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवण्यात आली. लस आणि सर्पदंशावरची प्रतिलस तयार करणाऱ्या संस्थेवर हजारो वस्तूंच्या निविदा काढण्याचे काम आले. ते झेपले नाही, म्हणून २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकापाठोपाठ झालेल्या रुग्णांच्या मृत्यूंची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा, हा मुद्दाही तिथे निघाला.

खरेदी कोणी करायची, हे कायद्याने ठरवले. पण मागणी नोंदवल्यापासून औषध फडताळात येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागावेत आणि ते उलटले तर जबाबदार कोण, हे प्राधिकरणाच्या नियमांनी बांधले पाहिजे. आमचे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे.

पहिला घोळ मागणीतच होतो. प्राथमिक आरोग्य केंद्राची वार्षिक मागणी बहुतेक वेळा मागील वर्षीच्या वापरावर थोडी टक्केवारी वाढवून केली जाते. समजा, एका केंद्रात वर्षभरात मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या ९०,००० गोळ्या वाटल्या गेल्या, पण त्या वर्षात १२० दिवस गोळी शिल्लकच नव्हती. म्हणजे हा वापर २४५ दिवसांचा आहे. पूर्ण वर्षाची खरी गरज ९०,००० भागिले २४५ गुणिले ३६५, म्हणजे सुमारे १,३४,००० गोळ्यांची. नोंदवहीत मात्र ९०,०००च दिसतात आणि त्यावर दहा टक्के वाढवून ९९,००० मागितल्या जातात. यंदाचा तुटवडा असा पुढच्या वर्षाच्या मागणीतच पेरला जातो. ई-औषधी या औषधसाठ्याची नोंद ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत रोजची शिल्लक असते, त्यामुळे शून्य शिल्लकेचे दिवस वजा करून हिशेब मांडणे अवघड नाही. फक्त तो सक्तीचा हवा.

त्यात धोरण बदलले की जुना वापर आणखीच निरुपयोगी ठरतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण अशा निर्णयाने बाह्यरुग्ण विभागातली गर्दी वाढते आणि औषधांची मागणी आदल्या वर्षाच्या गर्दीवर बेतलेली असते. केंद्र सरकारच्या धोरणानेही उपकेंद्रासाठी १०५ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी १७२ औषधांची यादी ठरवली. यादी वाढली की मांडण्या, शीतपेट्या आणि औषधनिर्माण अधिकाऱ्याची पदेही वाढायला हवीत, हे यादी करणाऱ्यांनी तिथेच लिहायला हवे होते.

काही औषधांना वार्षिक आकडा बारांनी भागून चालत नाही. सर्पदंशावरची प्रतिलस हे त्याचे ठळक उदाहरण. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात आणि पहिल्या मात्रेने भागले नाही तर पुन्हा द्याव्या लागतात. केंद्रात दहाच कुप्या असतील तर पावसाळ्यातल्या एका रुग्णावर साठा संपतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी ही प्रतिलस जूनआधी पोचली पाहिजे. ऑक्टोबरात आलेला पूर्ण पुरवठा कागदावर शंभर टक्के दिसेल, पण ज्यांच्यासाठी तो हवा होता त्यांचा हंगाम तोवर गेलेला असतो.

निविदेचे वेळापत्रक हा दुसरा भाग. मागणीचे एकत्रीकरण, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक तपशील, निविदा, छाननी, दरनिश्चिती, पुरवठा आदेश, माल येणे आणि तपासणी हे सगळे विनाअडथळा झाले तरी सहा ते आठ महिने जातात. त्यामुळे पुरवठादाराशी ठराविक मुदतीसाठी केलेला दरकरार संपल्यावर नवी निविदा काढणे म्हणजे तेवढ्या काळाचा तुटवडा स्वतः ओढवून घेणे. मुदत संपण्याच्या किमान आठ महिने आधी नवी निविदा निघालीच पाहिजे, असे नियमात शब्दशः लिहावे.

प्रयोगशाळेचा वेळ मात्र कोणी कापू नये. शिरेतून द्यायच्या द्रावणाची निर्जंतुकता तपासायला नमुना १४ दिवस ठेवावा लागतो. वरून कितीही फोन आले तरी जिवाणू लवकर वाढत नाहीत. नमुना पाठवणे आणि अहवाल येणे धरून तीन आठवडे गृहीतच धरावेत. इथे घाई केली की काय होते, ते नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांपर्यंत बनावट प्रतिजैविके पोचल्याच्या प्रकरणात दिसले. साठा संपला की स्थानिक खरेदी वाढते, ती तातडीची म्हणून तपासणी पातळ होते आणि बनावट माल नेमका त्या फटीतून शिरतो. म्हणून स्थानिक खरेदीच्या प्रत्येक बॅचचा क्रमांकही ई-औषधीत चढल्याशिवाय देयक निघू नये.

तमिळनाडूचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते अर्धेच सांगितले जाते. तिथले वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये कंपनी म्हणून नोंदले गेले. त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला नव्हता. प्रत्येक रुग्णालयाला वर्षाच्या हक्काची रक्कम नोंदलेले पासबुक मिळते आणि त्या रकमेपर्यंत ते जिल्हा गोदामातून हवे ते औषध उचलते. गरज वरून ठरत नाही, खालून कळते. गोदामात सुमारे तीन महिन्यांचा साठा राखला जातो. नमुने प्रयोगशाळेकडे जातात ते उत्पादकाचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांकाने. आणि १९९८ पासून तिथे निविदांमधील पारदर्शकतेचा स्वतंत्र कायदा आहे. राजस्थाननेही २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषध योजना सुरू करून पुढच्याच वर्षी असा कायदा केला. आपल्याकडे प्राधिकरणाला कायदा आहे, निविदा मात्र मुख्यतः उद्योग विभागाच्या डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिकेवर चालतात. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने एका दिवसात बदलता येतो.

पैशाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. पुरवठादार निविदा भरत नाहीत याचे मोठे कारण थकलेली देयके हे आहे. लहान उत्पादकांना ४५ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा २००६ पासून सांगतो. देयक वर्षभर थकणार हे ठाऊक असलेला पुरवठादार तो धोका दरातच मिसळतो किंवा फिरकतच नाही. दुसरीकडे निधी शेवटच्या तिमाहीत आला की मार्चमध्ये घाईची खरेदी होते आणि कमी मुदत उरलेला माल गळ्यात पडतो. माल स्वीकारताना एकूण आयुष्याचा किमान पाच-षष्ठांश भाग शिल्लक हवा, ही अट दरकरारात घालून ती गोदामाच्या दारातच पाळावी; नंतर बदलून घेण्याची पत्रापत्री क्वचितच फळाला येते.

आता आढाव्याबद्दल. महालेखापरीक्षकांनी राज्यातील आरोग्य सुविधांची २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाची तपासणी केली आणि अहवाल सभागृहात आला डिसेंबर २०२४ मध्ये. तोवर खरेदी करणारी संस्थाच बदललेली होती. ज्या हाफकिनवर ताशेरे होते ती या कामातून बाहेर पडली होती आणि नव्या प्राधिकरणाला ते ताशेरे आपले वाटण्याचे कारण नव्हते. म्हणून प्राधिकरणाच्या नियमांतच सहामाही आढावा असावा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात अत्यावश्यक यादीतील किती औषधे किती दिवस शून्यावर होती, आदेशापासून पुरवठ्यापर्यंत सरासरी किती दिवस गेले, किती बॅच नापास झाल्या आणि ४५ दिवसांपुढे किती देयके थकली, एवढी चारच परिमाणे असली तरी पुरे. हा तक्ता विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात पटलावर ठेवावा आणि त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावा. आकडे ई-औषधीत आहेतच, त्यासाठी नवी समिती नेमावी लागणार नाही.

आपले,
आरोग्य सेवेतील काही निवृत्त औषधनिर्माण अधिकारी