काका, एमजीबीच्या निर्णयासाठी मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार. काकूंनाही नमस्कार सांगा.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "अरे सोड रे" म्हणता आणि लगेच पोरांच्या शाळेचं विचारता, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय. दुसरं कारण असं की माझ्या ओळखीतले दोघंतिघं मराठी लोक इथे इंग्लंडात ह्याच विचारात आहेत, कुठल्यातरी शेतावरच्या शेडमध्ये जुनी स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं पडून असते, स्वस्तात मिळते, आणि ती दारात आली की मग खरा प्रश्न सुरू होतो की हिला उभी करायची, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा चालती करायची, का नाही. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनी पण वाचावं असं फार वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाडी म्हणजे १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची पक्क्या छताची आवृत्ती, टील ब्लू, क्रोम बंपरवाली. हेरफर्डशरमधल्या एका शेतावर गवताच्या गठ्ठ्यांमागे १९८६ पासून उभी होती, शेतकरी आजोबा गेले, मुलांना शेड रिकामी करायची होती, ९०० पौंडात मिळाली. ट्रेलरवर घालून स्विंडनला आणली तेव्हा चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांची घरं, पेट्रोलच्या टाकीतून जुन्या व्हार्निशसारखा वास. पण आकार बघितला की बास. १९६५ साली जीटी आली तेव्हा त्या छताच्या डिझाइनमध्ये पिनिनफरिना ह्या इटालियन डिझाइन कंपनीचा हात होता, आणि आज साठ वर्षांनी पण ती मागची उतरती काच बघताना माझी नजर हलत नाही.

त्यानंतरचे काही महिने मी नुसता गोंधळात होतो. एका गॅरेजवाल्याने फोटो बघूनच सांगितलं की करायची तर पूर्ण करा, बॉडी उघडी करून, नायतर स्क्रॅप, मधलं काही नसतं, आणि जो आकडा सांगितला त्यात दोन चांगल्या चालू एमजीबी आल्या असत्या. दुसरा एकजण ओव्हरड्राइव्हवाल्या गिअरबॉक्ससाठी गाडी मागायला आला, कारण त्या काळी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात असताना इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, ऑप्शनल होता, सगळ्या गाड्यांत नसायचा, आणि आज त्याला मागणी आहे. तो म्हणाला बाकीचं मी फेकून देतो. ते "फेकून देतो" ऐकून पोटात कसंतरी झालं. आणि तुमची सूनबाई, म्हणजे आमची ही, काही बोलत नव्हती, पण ड्राइव्हवेवर तिची गाडी लावायला जागा उरली नव्हती हे मला दिसत होतं.

मग मंडळाच्या गणपतीत तुम्ही भेटलात. तुम्ही कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिएटवर हात बसवलेला आणि मग इकडे येऊन रिटायर होईपर्यंत बॉडीशॉपमध्ये वेल्डिंग केलेलं, हे मला त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत कळलं. मी नुसतं म्हणलं काका एक गाडी आहे बघता का, आणि पुढच्या शनिवारी सकाळी तुम्ही दारात हजर. पिशवीत काय, तर वायरवरचा बल्ब, एक लोहचुंबक, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि खडू.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. मला वाटत होतं तुम्ही इंजिन बघाल, ते जाम आहे का, फिरतंय का, कारण मला त्याचीच भीती होती. तुम्ही म्हणालात, "इंजिन लोखंडाचं आहे, ते थांबेल आपल्यासाठी, पत्रा थांबत नाही." आणि सरळ जमिनीवर आडवे झालात, ह्या वयात, ओल्या काँक्रीटवर, मी सतरंजी आणायला आत धावलो तोपर्यंत तुमचा हात सिलखाली पोचला होता.

ह्याबद्दल मला नीट लिहायचंय कारण सगळा निर्णय इथे झाला. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, आणि दाराखालची ती लांब पट्टी, सिल, ती शोभेची नसून गाडीचा कणा आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मधे उभा एक तिसरा पत्रा, आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. ह्या सगळ्यांनी मिळून गाडी वाकण्यापासून धरलेली असते. पुढच्या चाकामागे चिखल साठतो, ओलावा राहतो आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणजे बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. तुम्ही लोहचुंबक फिरवलंत आणि डाव्या बाजूला ते चिकटेचना, तिथे पत्राच नव्हता, कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला. उजवीकडे आणखी वाईट, जुन्या सिलवरच नवीन सिल चढवून वेल्ड केलेली, नुसती सरकारी तपासणी पास व्हायला. तुम्ही म्हणालात वाळवी लागलेल्या तुळईला चुना लावलाय. स्क्रूड्रायव्हर जिथे जिथे आत गेला तिथे तुम्ही खडूने गोल केलात आणि मला म्हणालात फोटो काढ, आता नुसता बघू नकोस, मोज.

मग तेवढ्याच बारकाईने तुम्ही चांगलं काय आहे तेही दाखवलंत, आणि हे त्या गॅरेजवाल्याने फोटो बघून कधीच सांगितलं नसतं. मागच्या स्प्रिंगचे हँगर ठणठणीत. बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत, ठणठणीत. विंडस्क्रीनखालचा पत्रा, जो गेला तर फार मोठं काम निघतं, तो चांगला. सीटमागचे बॅटरी बॉक्स सडलेले, पण ते त्या काळच्या सगळ्याच एमजीबींचे सडतात, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे मागे खाली, रस्त्याच्या पाण्यात, आणि त्याचे तयार पत्रे मिळतात. दारं उघडून मिटवून बघितलीत, दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बोटाने चाचपलंत, सारखी होती, म्हणजे गाडी अजून बसलेली नव्हती. छतावर तुम्ही हात ठेवलात आणि म्हणालात की जीटी आहे म्हणून वाचली, हे छत नसतं तर एव्हाना मधून वाकली असती.

त्या दिवशी मी तुम्हाला दहा वेळा विचारलं असेल, काका करू का नको. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत आणि नाही पण म्हणाला नाहीत. चहा घेताना मला सोडून हिलाच विचारलंत, "पोरी, जानेवारीत हा रविवारभर गॅरेजमध्ये असेल आणि रात्री गंजाच्या वासाचे कपडे घेऊन घरात येईल, एक दोन वर्षं, चालेल का तुला?" आणि ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. तिला गाडीचा राग नव्हता काका, तिला अर्धवट पडून राहील ह्याची काळजी होती, खर्च किती आणि कधीपर्यंत हे कोणीच तिला सांगत नव्हतं. तो एक प्रश्न विचारल्याबद्दल तर मी तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट, तुम्ही मला म्हणालात ठरवायच्या आधी चांगली एमजीबी चालवून ये. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं, बहुतेकांच्या येत नाही, लोक वर्षानुवर्षं एक गाडी उभी करतात आणि पहिल्यांदा चालवतात तेव्हा कळतं की आपल्याला आवडतच नाही. तुमच्या ओळखीतल्या त्या इंग्लिश आजोबांनी त्यांची १९७१ ची गाडी मला दिली आणि स्वतः शेजारी बसले. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगमध्ये दंड भरून येतात, पायाशी इंजिनची गरमी, सस्पेन्शन खडबडीत, ९५ च्या आसपास हॉर्सपॉवर म्हणजे आजची साधी हॅचबॅक पण पुढे जाईल. पण कॉट्सवोल्ड्सच्या त्या अरुंद रस्त्यांवर तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं आणि मग सरळ रस्ता आल्यावर ओव्हरड्राइव्हचा खटका टाकला, इंजिनचा आवाज एकदम खाली आला, आणि मला कळलं की मला हेच पायजे. चकचकीत गाडी शोमध्ये गवतावर उभी करून शेजारी खुर्ची टाकून बसायचं, हे मला नको होतं. ते ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं, पण खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो, रंगात आणि क्रोममध्ये, आणि मला तो खर्च करायचाच नव्हता हे त्या एका फेरीने स्पष्ट झालं.

पैशाचं तुम्ही एकदम सरळ मांडलंत. एमजीबी १९६२ ते १९८० बनली, पाच लाखांच्या वर बनल्या, म्हणजे ही दुर्मिळ गाडी नाही, चांगली चालू जीटी आजही मिळते आणि उभी करायच्या खर्चापेक्षा स्वस्तात मिळते. फायद्यासाठी करत असशील तर आत्ताच सोड, असं तुम्ही म्हणालात. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू पण तुम्हीच सांगितलीत, एवढ्या बनल्या म्हणूनच जवळजवळ प्रत्येक पार्ट नवीन मिळतो, सिलपासून रबराच्या गास्केटपर्यंत, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर १९८८ पासून जुन्या साच्यांवर अख्खी नवीन बॉडी बनवतं. मी विचारलं मग नवीन बॉडीच घेऊ का, सगळा गंज एका झटक्यात संपेल. तुम्ही खडूच्या गोलांकडे बोट दाखवून म्हणालात, एवढ्यासाठी? ज्याचं बल्कहेड गेलंय त्याने घ्यावी. मला हे फार पटलं, कारण गाडी स्वस्त मिळाली का महाग ह्याला इथे काही अर्थच उरत नाही, नेमकं काय सडलंय आणि काय टिकलंय एवढंच बघायचं, आणि त्यासाठी जमिनीवर आडवं व्हायला लागतं.

म्हणून ठरलं ते असं. पत्रा खरा करायचा, पूर्ण आणि नीट, कुठेही वरून झाकायचं नाही. ब्रेक सगळे नवीन. इंजिन उघडायची गरज पडली तरच उघडायचं. आणि रंग तसाच ठेवायचा, शेतावरचे ओरखडे, दारावरची फिकी जागा, सगळं.

पुढचं काम कसं झालं ते सगळं लिहीत बसत नाही, पण दोन गोष्टी लिहायच्याच आहेत. एक म्हणजे सिल कापायच्या आधी तुम्ही दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करायला लावलेत आणि एका वेळी एकच बाजू कापू दिलीत, नाहीतर गाडी बसते आणि मग दार आयुष्यभर लागत नाही. पुढची विंग, म्हणजे चाकावरचा मडगार्डचा पत्रा, बोल्टवर असते ती सुटली, पण मागच्या विंगचा खालचा भाग कापल्याशिवाय सिलचं टोक मिळतच नाही, आणि चांगला दिसणारा पत्रा कापताना माझा हात थरथरत होता तेव्हा तुम्ही ग्राइंडर माझ्या हातातून घेतला नाहीत, नुसते शेजारी उभे राहिलात. तुम्ही स्वतः अर्ध्या वेळात केलं असतंत हे मला माहितेय.

दुसरं म्हणजे इंजिन. मी बॅटरी लावून स्टार्टर मारणार होतो, तुम्ही फोनवरच थांबवलंत. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये तेल सोडायला लावलंत, तसंच राहू दिलंत, आणि मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढे मागे हलवायची, जोर न लावता. काहीच होईना. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. आणि मग एका संध्याकाळी बोनेटखाली पंख्याचं पातं हललं. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही जेवत होतात आणि काकू म्हणाल्या की तुम्ही ताटावरून उठून उभे राहिलात. सगळे पेट्रोलचे पाइप बदललेत, इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, आहे आणि ते जुन्या रबराला खातं, त्यामुळे आता कमी इथेनॉलचं सुपरच भरतो, तुम्ही सांगितलंत तसं.

काका, तुम्ही पैसे घेतले नाहीत, डिझेलचे पण नाही. मी पाकीट दिलं ते तुम्ही पोरीच्या वाढदिवसाला परत आणून तिच्या हातात दिलंत. घरापासून इतक्या लांब इथे आमचं मोठं असं कोणी नाही, आईबाबा पुण्याला, आणि एखाद्या निर्णयात कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसून, घाई न करता, आपल्यावर काही न लादता सोबत करतं ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. आमच्या पोरांनी पण ते बघितलं. धाकटा आता खडू घेऊन माझ्या रोजच्या गाडीखाली वाकून बघतो.

आता एमओटी, म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी. चाळीस वर्षांवरच्या आणि फार बदल न केलेल्या गाडीला कायद्याने लागत नाही, पण तुम्ही म्हणालात परक्या माणसाने एकदा खालून बघितल्याशिवाय पोरांना बसवायचं नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यातली वेळ घेतलीये. पास झाली की पहिली फेरी ॲबिंग्डनला, जिथे ही जुळली होती, फॅक्टरी १९८० लाच बंद झाली पण गाव बघून येऊ. तुम्ही पुढे बसायचं, काकू आणि ही मागून आमच्या गाडीत येतील, जीटीच्या मागच्या सीटवर पोरांशिवाय कोणी मावत नाही. आणि येताना लोहचुंबक आणा, पुढच्या डाव्या विंगच्या कडेला एक बारीक फोड आलाय, तो आत्ता उघडायचा का उन्हाळ्यानंतर ते तुम्ही बघितल्याशिवाय मी हात लावत नाही.

तुमचा,
स्विंडनचा पुतण्या