विनूस पत्र: शाळेतले जुने कॉम्प्युटर आणि टर्बो सी

रत्नागिरी
१० जुलै

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चाकरमान्यांनी गावच्या शाळेला जुने कॉम्प्युटर धाडले, छान झालं. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडण्यापेक्षा पोरांच्या हाताला लागलेले बरे.

आता तुझी फर्माईश. टर्बो सी++ ची, म्हणजे सी++ भाषेत प्रोग्राम लिहून चालवायच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरची, ओरिजिनल प्रत हवी आणि ती पेन ड्राइव्हवर भरून पाठव, असं एका दमात लिहून मोकळा झालास. आपण कॉलेजात बडवली ती निळ्या पडद्याची ३.० आवृत्ती. ती आज नेटवर ढिगाने मिळते, पण मिळते म्हणजे आपली होत नाही. आपल्या वाडीतली निम्मी घरं वर्षभर कुलपात असतात, म्हणून त्यांच्या परसातले नारळ कुणी उतरवून नेतं का? नेले तर गणपतीत भांडण ठरलेलं. सॉफ्टवेअरचंही तसंच. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा प्रोग्रामला साहित्यकृतीत धरतो, आणि विक्री बंद झाली म्हणून हक्क बुडत नाही. शाळेत तर हे जास्त सांभाळायला हवं. ‘सर स्वतःच कॉपी मारतात’ हे पोरं बरोबर हेरतात.

टर्बो बनवणाऱ्या बोरलँड कंपनीने मात्र एक चांगलं केलं होतं. आपल्या काही जुन्या आवृत्त्या संग्रहालय म्हणून फुकट उतरवून घ्यायला ठेवल्या: टर्बो पास्कल १.०, ३.०२ आणि ५.५, टर्बो सी २.०१, टर्बो सी++ १.०१. ३.० त्यात नव्हती. घेशील तर यांतलीच घे, आणि सोबतचा परवाना नीट वाच. स्वतःपुरतं उतरवून घेणं वेगळं, वर्गभर वाटणं वेगळं. आणि पास्कल भाषेला नाक मुरडू नकोस. १९८३ साली टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला आलं तेव्हा बाकीचे कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशिनच्या भाषेत उतरवणारी सॉफ्टवेअरं, शेकडो डॉलरला विकले जात होते. ते लिहिणारा आंदेर्स हायल्सबर्ग पुढे सी शार्प भाषेचा शिल्पकार झाला.

पण खरं सांगू? मी तुझ्या जागी असतो तर या भानगडीतच पडलो नसतो. त्या मशिनांवर फ्रीडॉस टाक, म्हणजे जुन्या डॉसच्या धर्तीची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. जिम हॉलने १९९४ साली सुरू केलेला प्रकल्प, अजून चालू आहे. त्यावर फ्री पास्कल हा पास्कलचा फुकट कंपायलर बसव. त्याचा एडिटर थेट टर्बोसारखा: कंट्रोल-एफ९ ने प्रोग्राम चालव, ऑल्ट-एफ५ ने आउटपुट बघ. तुझी बोटं आपोआप वळतील. सी साठी डीजेजीपीपी हा फुकट कंपायलर घे. त्यात पडद्याच्या कामाची कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल आहे, म्हणजे पडदा पुसणारा तुझा लाडका क्लिअरस्क्रीनसुद्धा चालेल. चित्रं काढायची ग्राफिक्स डॉट एच मात्र नाही, ते गोल-चौकोन आता विसर. दोन्हींना निदान ३८६ प्रोसेसर लागतो, त्याची तुला काळजी नको. आणि हे सगळं कितीही मशिनांवर घाल, कुणाला विचारायला नको.

एक गंमत मात्र १६ बिटांतच आहे, त्यासाठी ओपन वॉटकॉमही जवळ ठेव. एकेकाळी पैसे मोजून घ्यायचा हा कंपायलर २००३ पासून खुला आहे. त्यात १६ बिटांचा प्रोग्राम कर आणि इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेत, ३२७६७ हा तिथे मावणारा सर्वांत मोठा आकडा ठेवून त्यात एक मिळवायला सांग. उत्तर उणे ३२७६८ येतं. पोरं आधी हसतील, मग ‘असं कसं?’ म्हणून अडून बसतील. त्या तासाला फळ्यावर दुसरं काही लिहू नकोस.

मोठ्या पोरांसाठी आणखी एक. मायक्रोसॉफ्टने २०२० साली जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, खुला केला, २०२४ साली एमएस-डॉस ४.० चाही. चालवायला नव्हे, वाचायला. बेसिकचा तर अख्खा असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, आहे, दोन पानांत डोकं गरगरतं. पण जे पोरगं तिसऱ्या पानापर्यंत टिकेल त्याचं नाव मला कळव.

तुझ्या भाच्याचं प्रकरण निराळं. त्याला कॉलेजच्या प्रॅक्टिकलला टर्बोच्या जुन्या पद्धतीने व्हॉइड मेन आणि आयओस्ट्रीम डॉट एच लिहावं लागतंय, तर परीक्षेपुरतं लिहू दे, मार्कांशी कशाला भांडायचं. घरी मात्र जीसीसी या आजच्या फुकट कंपायलरवर सराव करायला लाव. १९९८ साली सी++ चं प्रमाण ठरलं तेव्हाच त्या हेडरचं ‘डॉट एच’ हे शेपूट गळालं, नोकरीच्या मुलाखतीत ते कुणी विचारणार नाही. आणि त्याच्या नव्या लॅपटॉपवर जुना टर्बो उघडत नाही यात त्याची काही चूक नाही. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे प्रोग्राम चालवतच नाही, तिथे डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम लागतो.

या फुकटच्या सॉफ्टवेअरची सीडी मी इथून करून देतो. त्याआधी एवढं बघून कळव: प्रत्येक मशिनात रॅम किती, सीडी ड्राइव्ह कुठल्या कुठल्या चालतात, आणि चालू करताना घड्याळ मागच्या सालात जातं का. जात असेल तर आतला सेल गेलाय, तो इथे कुठल्याही दुकानात मिळतो. पावसात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएसशिवाय हार्ड डिस्कला हात लावू नकोस.

काकींना नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझा,
दिनू