नकाशा काढताना मामांनाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्या रुग्णालयात माझी सारी नोकरी गेली, तिथे सध्या पत्र्याचं कुंपण लागलं आहे आणि आत जेसीबी चालू आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याला लागू पडेल. आमची जुनी ऑक्सिजनची खोली पाडली आणि तिथे द्रवरूप ऑक्सिजनची उंच पांढरी टाकी आली. ऐन वैशाखात तिच्या पायपांवर बर्फ धरलेला असतो. आत उणे १८३ अंशांचा द्रव आहे आणि त्याच्या एका लिटरातून आठशेहून जास्त लिटर वायू मिळतो. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. टाकीतून नळीनं थेट खाटेजवळच्या भिंतीतून ऑक्सिजन मिळणं ही काय चीज आहे, ते रात्री तीनला सिलिंडरचा काटा लाल रेघेवर उतरताना ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. पण ती खोली गेलेली पाहिली आणि आमचे मामा आठवले. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणजे मामा आणि आया म्हणजे मावशी, हे वाचकांना ठाऊक आहेच. आमच्याकडे मामा पुष्कळ, पण नुसतं ‘मामा’ म्हटलं की ते एकच. काळं अंग, पांढरी मान असा तो जम्बो सिलिंडर, पन्नास-साठ किलोंचा ऐवज. मामा तो कधी उचलायचे नाहीत. मान धरून जरा तिरपा करायचा आणि बुडाच्या कडेवर गरगर फिरवत वॉर्डापर्यंत न्यायचा, तोंडात तंबाखू आणि तोंडावर घाम नाही. लावण्याआधी चावीनं क्षणभर उघडून ‘फुस्स’ करायचं, म्हणजे सिलिंडरच्या तोंडातली धूळ उडते. मग वॉशर बघायचा, मग ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारा फ्लोमीटर. हाताला तेलाचा अंश दिसला तर इंटर्न डॉक्टरलाही ‘आधी साबण लावून या’ म्हणून परत पाठवायचे. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडू शकतो, हे त्यांना कुठल्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

सगळं आवार त्यांना ट्रॉलीच्या चाकांवरून पाठ होतं. कुठे उंबरठा आहे, कुठे गटाराची जाळी, पहिल्या पावसाला कुठे तळं होतं. मांडीचं हाड मोडलेला पेशंट एक्स-रेला न्यायचा असला की मामा लांबच्या वाटेनं जायचे. नवे डॉक्टर चिडायचे, उशीर होतोय म्हणायचे. जवळच्या वाटेवर दोन उंबरठे होते, एवढंच कारण. ट्रॉलीला हिसका बसला की मोडलेल्या हाडाचं काय होतं, ते ट्रॉली ढकलणाऱ्याच्या कानावर सगळ्यांत आधी पडतं.

मागे आवारात एक इमारत झाली, तेव्हाची गोष्ट. जमिनीवर फक्कीच्या रेघा मारून झाल्या होत्या. दुपारी कामगार जेवायला बसलेले असताना मामा एक रिकामी ट्रॉली घेऊन गेले आणि त्या रेघांमधून ढकलून आले. मग मला बोलावून म्हणाले, “सिस्टर, हितं वळायची नाय बघा. पेशंटसंगं सलाइन धरणारा कुठनं चालंल?” मी वरिष्ठांच्या कानावर घातलं. ते हसले; साहेबांचा नकाशा पास झालेला होता. इमारत झाली, उद्घाटन झालं. त्या वळणावरचा गिलावा महिन्याभरात बरोबर ट्रॉलीच्या उंचीवर उडाला. रंगरंगोटी कितीदा झाली, पण तो कोपरा काही टिकत नाही.

पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री महात्मा गांधींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी केली, ती खोली आजही जपली आहे आणि जपायलाच हवी. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. आमच्या डॉक्टरांनी हा किस्सा मोठ्या रसानं सांगितला, तेव्हा मामांनी भाबडेपणाचा आव आणून विचारलं होतं, “मग कंदील कुणी धरला होता, सर?” सर निरुत्तर. मामा असेच होते, आणि त्यामुळे काही साहेबांना ते खपत नसत, हेही सांगून टाकते.

त्यांचं नाव कशाला तरी द्या, अशी मागणी मी करत नाही. नामकरणाचे फलक पुण्यात आधीच उदंड आहेत. मागणी साधी आहे. नवी इमारत आखाल तेव्हा ट्रॉली ढकलणाऱ्या, सफाई करणाऱ्या, बेडपॅन धुणाऱ्या माणसांना नकाशा दाखवा. नकाशा कळत नसेल तर फक्कीच्या रेघांमधून भरलेली ट्रॉली फिरवा: वर माणूस, बाजूला सलाइन धरणारा, मागे घाबरलेला नातेवाईक. लिफ्टच्या मापाची चौकटही जमिनीवर आखा आणि हे सगळे त्यात मावतात का ते बघा. उतार बाराला एक, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ, असावा, असा दंडक कागदावर आहेच; पण ओल्या फरशीवरून पेशंट खाली उतरवताना चप्पल धरते की घसरते, हे त्या दंडकात नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि खर्च फक्कीच्या एका पोत्याचा.

आमच्या आवारात अजून पायाच खणला जातोय, म्हणजे वेळ गेलेली नाही. विचारायला जायचं तर दुपारी दोनच्या सुमारास जावं. तेव्हा पाळी बदलते आणि दोन्ही पाळ्यांचे मामा-मावश्या एकाच वेळी भेटतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कसबा पेठ, पुणे