गटचर्चेत ‘सगळं गोपनीय राहील’ असं सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटचर्चांवर, म्हणजे फोकस ग्रुपवर, आधारलेल्या संशोधन अहवालांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. आजारपण, कर्ज, कामाच्या ठिकाणचा त्रास यांबद्दल लोक काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत छापलेलं असतं. अशा चर्चांची रेकॉर्डिंग ऐकून ती शब्दशः उतरवून काढण्याचं काम मी करते. बोलणाऱ्यांची बाजू कुठे फारशी मांडली जात नाही, म्हणून हे पत्र.

चर्चा सुरू होण्याआधी संमतीपत्र वाचून दाखवतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘तुम्ही दिलेली सर्व माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ एकट्याच्या मुलाखतीत हा शब्द पाळता येतो. गटचर्चेत तो पाळणं संशोधकाच्या हातातच नसतं. सहा ते दहा माणसं एकमेकांसमोर बसून दीड-दोन तास बोलतात. त्यांतलं कोण घरी जाऊन काय सांगेल, यावर कुणाचाच ताबा नाही. संशोधक स्वतःपुरती हमी देऊ शकतो, बाकीच्यांना फक्त विनंती करू शकतो. मग तसंच सांगावं: ‘तुमचं नाव आम्ही कुठेही देणार नाही, पण इथे बसलेल्या इतरांची खात्री आम्हाला देता येत नाही. बाहेर गेलेलं चालणार नाही असं काही असेल तर ते इथे बोलू नका.’

एवढं स्पष्ट सांगितलं तर लोक तोंडच उघडणार नाहीत, अशी भीती घातली जाते. मला रेकॉर्डिंगमध्ये तसं ऐकू येत नाही. जिथे नीट बजावलेलं असतं तिथेही लोक भरभरून बोलतात. फक्त कुणाचं नाव ओठांवर आलं की क्षणभर थांबतात आणि ‘माझ्या ओळखीतली एक बाई’ असं म्हणून पुढे जातात. या एका क्षणामुळे त्या अनुपस्थित बाईचं केवढं रक्षण होतं! तिला तर कुणी संमती विचारलेलीच नसते.

संशोधनातल्या संमतीचे नियम मुळात वैद्यकीय प्रयोगांसाठी घडले. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता असो की १९६४ चा हेलसिंकीचा जाहीरनामा, दोन्हींच्या नजरेसमोर प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती आहे. दहा जण एकमेकांचं ऐकत बसलेत, हे चित्र त्यात नाही. तोच नमुना गटचर्चेला जसाच्या तसा लावला की भोकं राहणारच.

माघार घेण्याचंच पाहा. ‘तुम्ही कधीही बाहेर पडू शकता’ असं कागदावर असतं. पण एखादी व्यक्ती मध्येच उठून गेली आणि माझं बोलणं काढून टाका म्हणाली, तरी तिच्या वाक्याला इतरांनी दिलेली उत्तरं राहतातच. ‘ताई आत्ता म्हणाल्या तसं’ असं पुढे चारदा येतं. तेव्हा काय काढता येईल, कधीपर्यंत काढता येईल आणि काय राहील, हे सही घेण्याआधी सांगायला हवं. ठरलेलं मानधन मध्येच उठणाऱ्यालाही मिळेल हेही सांगायला हवं, नाहीतर ती मोकळीक नावापुरतीच. आणि लोकांना चर्चेला त्यांचे साहेबच घेऊन आले असतील तर ‘स्वेच्छेने’ या शब्दात काही उरत नाही.

काही चुका तर निव्वळ निष्काळजीपणाच्या असतात. हजेरीचा एकच कागद सगळ्यांच्या हातांतून फिरतो. त्यावर नाव, वय, फोन नंबर आणि कधी कधी आजारही. पुढचा सही करताना मागच्या सगळ्यांचं वाचतो. चर्चा संपते, आभार मानले जातात, पण रेकॉर्डर चालूच राहतो. दाराशी उभं राहून कुणीतरी हलक्या आवाजात सांगतं, ‘आत बोलले नाही, पण माझ्या घरातही हेच चाललंय.’ ते वाक्य माझ्या कानात पडतं. ते उतरवायचं नसतं, हे कुठल्याही सूचनापत्रात लिहिलेलं मला मिळालेलं नाही. एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेपलीकडे बसून किंवा ऑनलाइन चर्चेत कॅमेरा बंद ठेवून आणखी कुणी ऐकत असेल, तर तेही आधी सांगितलं पाहिजे.

मग ते रेकॉर्डिंग जातं कुठे? मोबाइलवरून कुणाच्या तरी ईमेलवर, तिथून माझ्यासारखीकडे, हल्ली परस्पर एखाद्या स्वयंचलित सेवेच्या सर्व्हरवरही. संमतीपत्रात या प्रवासाचा उल्लेख हवा: आवाज कोण कोण ऐकणार, कुठे साठवणार, कधी पुसणार. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घातले तरी कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी आणि कुलुपात हवी. आवाज ही तर स्वतःच ओळख आहे.

नाव गाळलं की काम झालं, हा समजही खोटा. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पाच अंकी कोड एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याजोगे ठरतात. गटचर्चेच्या अहवालात तर ‘मुख्याध्यापिका, वय ५४, तीन मुली’ असं लिहून खाली तिचं बोलणं देतात. तिच्या परिसरात अशी दुसरी कोण असणार?

म्हणून आपल्यालाही एक विनंती. अशा अहवालातलं कुणाचं बोलणं छापताना वय, हुद्दा आणि ठिकाण ही तिन्ही एकत्र देऊ नयेत. मजकुराला ज्याची खरोखर गरज आहे तेवढंच ठेवावं. आणि बातमीदाराने संशोधकांना एवढं जरूर विचारावं, की हे वाक्य वर्तमानपत्रात येऊ शकतं याची बोलणाऱ्याला कल्पना दिली होती का.

कळावे,
आपली,
एक वाचक