डबा नेत होतात, पण भरत कोण होतं?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला तरुणांच्या खाण्यावरच्या उधळपट्टीचा लेख वाचला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून सोमवारी पुन्हा वाचला. चुकलं नव्हतं.

रोजची 180 रुपयांची कॉफी सोडा, घर होईल, असं लेखकमहाशय म्हणतात. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे राहवेना. एक दिवसही न चुकता कॉफी सोडली तर वर्षाला 65,700 रुपये वाचतात. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट धरू (कुठे मिळतो तेही छापा). बँकेचे 64 लाख, आपले 16. बाईच्या नावावरची सवलत धरून मुद्रांक शुल्क 4 लाख 80 हजार, नोंदणीचे 30 हजार. आपल्या खिशातले एकूण 21 लाख 10 हजार. त्याला 65,700 ने भागा, 32 वर्षं येतात. माझी मुलगी 26 वर्षांची आहे. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त होता होता, तिचं कर्ज सुरू होणार! व्याज धरलं नाही म्हणाल, तर घराच्या वाढत्या किमतीही मी धरलेल्या नाहीत.

ती मुळात कॉफी पीत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरत्या जागेत, राहते. खोलीत गॅस नाही, इंडक्शनला बंदी. मेस रात्री साडेनऊला बंद आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. हिंजवडीची बस वाकडच्या पुलाखाली अडकली की पोरगी दहाला खोलीवर पोचते. तिने काय खावं? इथून नेलेलं भडंग किती दिवस पुरणार? एकदा किटलीत मॅगी केली तर मालकीणबाईंनी 500 रुपये दंड घेतला. वर मला फोन, ‘‘तुमच्या मुलीला वळण नाही.’’ बाईंचं वय लेखकांइतकंच असावं. तेव्हापासून ती बाहेरून मागवते आणि तुमच्या लेखात येते.

लेखक लिहितात, आमच्या वेळी आम्ही डबा नेत होतो. नेत होतात हो, भरत कोण होतं? पहाटे पाचला उठून माझी आई पोळ्या लाटायची, पुढे मी लाटल्या. त्याचा हिशेब कुणी मांडला नाही, म्हणून ते स्वस्त.

मुलीनेच सांगितलं की 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात एका स्तंभलेखकाने 22 डॉलरच्या अॅव्होकाडो टोस्टवरून असंच लिहिलं होतं. आपण आपल्याच वयाच्या कुरकुऱ्यांची टर उडवत होतो, असा खुलासाही त्याने नंतर केला. आपल्या लेखकांकडून तशा खुलाशाची वाट पाहते.

आणि याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘पावसाळ्यात जावेच असे’ कॅफे कोणासाठी छापले होते?

लेखकांना पुण्यात गॅस चालणारी खोली ठाऊक असेल तर पत्ता कळवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली

ता. क. शब्दकोड्यात उभा 7 चार अक्षरी, चौकटी पाच. तिसऱ्यांदा कळवते आहे.